धरण कुठंय? (इंग्लंडच्या जुन्या बागा, तळी, कारंजी आणि आमचे बाबा)

रानजाई

नमस्कार मंडळी, फार दिवसांनी धागा काढतेय. आईबाबा सध्या आमच्याकडे स्विंडनला आलेत. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, सगळी नोकरी मातीच्या धरणांवर गेली. मागच्या रविवारी त्यांना ब्लेनहाइम पॅलेसला नेलं. कमानीतून आत शिरलं की एकदम समोर ते तळं, त्यावरचा भलाथोरला पूल आणि डावीकडे राजवाडा. सगळे आहाहा करत फोटो काढतायत आणि बाबा डोळ्यांवर हाताची झापड धरून पार लांब कुठेतरी बघतायत. म्हटलं काय झालं, तर म्हणाले, "धरण कुठंय?"

मी म्हटलं अहो बाबा, हे साधं तळं आहे, पहिल्यापासूनचं. तर म्हणे, येताना गाडीतनं नदी बघितली मी, केवढीशी ती, एवढं पाणी कुणी अडवल्याशिवाय साचणार नाही. मग काय, राजवाडा राहिला बाजूला, आम्ही दोन तास धरण शोधत फिरलो, आई एका बाकावर चिवडा खात बसली. आणि सापडलं! ब्लेडन गावाच्या बाजूला, गच्च झाडीत. त्याच्यावरून दगड रचून असा धबधबा सोडलाय की कुणाला वाटेल ही पहिल्यापासूनची दरीच आहे. बाबा इतके खूश झाले की परत येताना गाडीत शीळ घालत होते.

तर विचारायचं हे की इथल्या सगळ्याच जुन्या बागांमधलं पाणी असं मानवनिर्मित आहे का? नवरा म्हणतो डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ वाड्याचं कारंजं पंपाशिवाय उडतं, मला ती थाप वाटते. आणि अजून दोन वीकेंड हातात आहेत, बाबांना आवडेल असं कुठे नेऊ? आईच्या गुडघ्यांचाही विचार करून सांगा.

टवाळ_कार्टं

काकांना दंडवत. पॅलेसच्या तिकिटात धरण पाहणारा पहिलाच माणूस.

मोघे_डर्बी

थाप नाहीये ताई, नवऱ्याची माफी मागा. चॅट्सवर्थ आमच्यापासून जवळ, पाहुणे आले की वारी ठरलेली, त्यामुळे पाठ झालंय.

एम्परर फाउंटन म्हणतात त्याला. १८४४ साली रशियाचा झार निकोलस इंग्लंडात येणार होता, तो आपल्याकडेही येईल म्हणून चॅट्सवर्थचा मालक, डेव्हनशरचा सहावा ड्यूक, त्यानं जोसेफ पॅक्स्टनला सांगितलं की झारच्या स्वतःच्या राजवाड्यात आहे त्याहून उंच कारंजं कर. हा पॅक्स्टन मूळचा तिथला हेड माळी, पुढे लंडनात प्रदर्शनासाठी काचेचा क्रिस्टल पॅलेस बांधला तोच. त्यानं मागच्या माळरानावर, कारंज्यापेक्षा साधारण ३५० फूट उंचावर, आठ एकरांचं तळं खणलं, तिथून बंद पाइपातनं पाणी खाली आणलं. सहा महिन्यांत. रात्रीसुद्धा उजेड करून काम चालू होतं म्हणे. पंप नाही, इंजिन नाही, नुसती उंची. पाणी २९६ फूट उडाल्याची नोंद आहे.

आणि झार? आलाच नाही. इंग्लंडात आला, चॅट्सवर्थला फिरकला नाही. नाव मात्र एम्परर राहिलं. आपल्याकडे मंत्री येणार म्हणून रस्ता होतो आणि मंत्री दुसऱ्याच रस्त्यानं जातो तसं.

रोज पूर्ण जोरात सोडत नाहीत, वरच्या तळ्यातलं पाणी पुरायला हवं ना.

रानजाई

माफी मागितली. बाबा बाजूलाच आहेत, ते म्हणतात ३५० फूट हेड (म्हणजे पाण्याची उंची) म्हणजे खाली चौरस सेंटिमीटरला दहा किलोच्या वर प्रेशर, त्या काळच्या बिडाच्या पाइपांचे सांधे कसे केले असतील ते बघायचंय.

खडूस

कारंजं म्हणे एम्परर. मला विचाराल तर चॅट्सवर्थ ही सगळी फ्रेंचांची उसनवारी. तिथला तो पायऱ्यांचा धबधबा ग्रिये नावाच्या फ्रेंच माणसानं केला, १६९६ साली. व्हर्सायला चौदाव्या लुईनं सेन नदीवर चौदा चाकांचं यंत्र बसवून पाणी चढवलं तरी सगळी कारंजी एकदम चालायची नाहीत, राजा जिकडे वळेल तिकडची पोरं शिट्टी वाजवून नळ सोडायची आणि तो पुढे गेला की बंद. इंग्रजांनी हेच छोट्या प्रमाणात केलं, पुढे परवडेना तेव्हा म्हणाले आता आम्हाला निसर्ग आवडतो. सरळ रेषा पुसल्या, तळी वाकडी केली आणि त्याला इंग्लिश लँडस्केप नाव दिलं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

मोघे_डर्बी

खडूस, त्या पायऱ्यांवर अन्याय करू नका हो. २४ टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्याच्या पायऱ्या वेगळ्या, कुठे रुंद कुठे अरुंद, म्हणून पाण्याचा आवाज बदलत जातो. डोळे मिटून बाजूनं उतरलात तर कळतं. उसनवारी असेल पण गळा स्वतःचा आहे.

शिवाय तिथे तांब्याचं एक झाड आहे, विलोचं. जवळ गेलं की फांद्यांमधनं पाणी उडून माणूस भिजतो. १८३२ साली तेरा वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया आली होती, तिला तेच सगळ्यात आवडलं. माझ्या मुलीलाही. ड्यूकांचे लाखो पौंड वाया.

अवनी_लीड्स

खडूस यांच्याशी निम्मी सहमत. पैसा परवडेना म्हणून तळी वाकडी झाली हे मात्र खोटं, वाकडं तळं करायला कमी पैसे लागत नाहीत. उलट सरळ आणि वाकडं दोन्ही कसं दिसतं ते बघायचं तर स्टडली रॉयलला या, यॉर्कशरमध्ये, रिपनजवळ.

जॉन एस्लबी नावाचा माणूस, देशाचा अर्थमंत्री, १७२० च्या साउथ सी घोटाळ्यात सापडला. शेअर फुगवले, बुडबुडा फुटला, लोक देशोधडीला लागले, याला पार्लमेंटमधनं हाकललं आणि टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकलं. सुटल्यावर गावी येऊन उरलेलं आयुष्य बाग करण्यात घालवलं. स्केल नावाची नदी सरळ कालव्यात घातली, बाजूला चंद्रासारखी तळी, एक गोल आणि दोन कोरीची, अगदी सपाट, आरशासारखी. कारंजं जवळजवळ नाहीच. पाणी नुसतं पडून आहे आणि त्यात देवळाचं प्रतिबिंब. मग दरीतनं वळत वळत वर जायचं, आणि अचानक समोर फाउंटन्स अ‍ॅबीचा पडका मठ. तो मठ बापाला कधी मिळाला नाही, मुलानं पुढे विकत घेतला आणि बागेला जोडला. १९८६ पासून जागतिक वारसा आहे.

मी तिथे वर्षातनं चारदा तरी जाते. नोव्हेंबरात धुक्यात जावं, माणूस नसतो.

पण नदी ती नदीच. पूर आला की वरच्या शेतांमधला गाळ घेऊन थेट एस्लबीच्या तळ्यात. म्हणून आता वरच्या खोऱ्यात झाडं लावणं, छोटी तळी करणं असली कामं चालू आहेत. काकांना ते आवडेल.

कोयनेकाठचा

अवनीताई, घोटाळा करून बाग, हे फार ओळखीचं वाटलं.

पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललंय. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे, आजोबा उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो का बघायला जायचे. त्यामुळे तळं दिसलं की मी आधी विचारतो इथं कोण राहत होतं. डॉर्सेटमध्ये मिल्टन अ‍ॅबस आहे. जोसेफ डेमर नावाच्या लॉर्डला घरासमोर गाव नको होतं. गाव म्हणजे चार झोपड्या नव्हे, बाजार असलेलं चांगलं नांदतं गाव. जसे भाडेपट्टे संपतील तशी घरं पाडत गेला, त्या जागी हिरवळ, खाली तळं, आखणी त्या काळच्या नावाजलेल्या बागा आखणाऱ्या कॅपेबिलिटी ब्राउनची. लोकांना अर्ध्या मैलावरच्या दरीत एकसारखी गवताच्या छपरांची घरं बांधून दिली, ती आता चॉकलेटच्या डब्यावर असतात तशी दिसतात आणि लोक फोटो काढायला जातात.

त्यात हॅरिसन नावाचा एक वकील होता, तो हलेना. सांगतात की डेमरनं जुन्या तलावाचं दार उघडून त्याच्या घरात पाणी सोडलं. वकीलच तो, कोर्टात गेला आणि जिंकला.

टवाळ_कार्टं

इतिहासातला पहिला धरणग्रस्त ज्याला न्याय मिळाला. कारण तो वकील होता.

खडूस

आणि या सगळ्याला पैसा कुठून आला तेही बोला की. हेअरवुड, लीड्सजवळच, ब्राउनचं तळं, लॅसेल्स घराण्याचा पैसा बार्बाडोसच्या साखरेचा आणि गुलामांचा. सरेमधलं क्लेअरमाँट तर रॉबर्ट क्लाइव्हनं १७६८ च्या सुमारास घेतलं, बंगालात मिळवलेल्या पैशातनं. तळं त्याच्या आधीचं आहे पण काठावर बसून तो बघत होता ना.

भूजल

धागा उशिरा पाहिला. रानजाई, मी इथे जुन्या मातीच्या बंधाऱ्यांच्या तपासणीचं काम करतो म्हणून मुद्दाम तुमच्या बाबांसाठी लिहितोय.

ब्राउननं दीडशेच्या वर बागा केल्या, जन्म १७१६, मृत्यू १७८३. लोक त्याला माळी समजतात, माझ्या मते तो आधी पाणी अडवणारा माणूस होता. ब्लेनहाइमचं काम १७६४ पासूनचं. तो मोठा पूल त्याच्या खूप आधीचा, राजवाड्याचा वास्तुविशारद व्हॅनब्रू याचा, आत खोल्या आहेत पुलाच्या. पण खाली पाणी म्हणजे काय तर ओढ्यासारखं, हत्तीची झूल उंदरावर घातल्यासारखं दिसायचं. ब्राउननं ग्लाइम नदी अडवली, पाणी चढवलं, पुलाच्या खालच्या खोल्या बुडाल्या आणि पूल एकदम मापात दिसायला लागला. पुलाला हात न लावता पुलाची दुरुस्ती.

काकांना सांगा, आतला गाभा आपल्याकडच्या मातीच्या धरणांतल्या हर्टिंगसारखाच. चिकणमाती पाण्यात कालवायची, थराथरानं टाकायची, माणसांनी नाहीतर गुरांनी तुडवायची. इथे त्याला पडल म्हणतात. बाहेरून साधी माती. आणि मुख्य करामत म्हणजे खालच्या बाजूचा उतार एवढा पसरट ठेवायचा की टेकडीच वाटावी, वर झाडं. तळ्याचं टोक कधी दाखवायचं नाही. पाणी वळणामागे जायला हवं म्हणजे बघणाऱ्याला वाटतं नदी पुढे चाललीय. वळण नसेल तर खोटा पूल. लंडनमध्ये केनवुडला जा, तळ्याच्या टोकाला पांढराशुभ्र पूल दिसेल, जवळ गेलात तर नुसती लाकडी दर्शनी बाजू आहे, नाटकाच्या पडद्यासारखी.

सगळे बंधारे टिकले असं नाही. विंडसरजवळ व्हर्जिनिया वॉटरचा बंधारा १७६८ च्या पुरात फुटला, नंतर परत बांधून तळं आणखी मोठं केलं. आता २५,००० घनमीटरच्या वर पाणी असलं की जलाशयांच्या १९७५ च्या कायद्याखाली येतं, मग बाग असो की धरण. म्हणजे बदकं पोहतायत, नवरानवरी फोटो काढतायत आणि मी खाली झाडीत ओल शोधतोय.

गाळाचा प्रश्न सगळीकडे. ब्लेनहाइमला पुलाच्या वरच्या अंगाला काही ठिकाणी फूटभरच पाणी उरलं होतं, सगळं काढावं लागलं.

चिंगी

केनवुडचा पूल खोटा?? मी त्याच्यासमोर साखरपुड्याचे फोटो काढलेत 😭

टवाळ_कार्टं

नवरा खरा आहे ना, मग झालं.

पेठकर

उत्तम चर्चा. पण एक लक्षात घ्या, हे सगळं चालू होतं त्याच काळात आमच्या पुण्यात नानासाहेब पेशवे काय करत होते? १७५० च्या आसपास कात्रजला तळं बांधून जमिनीखालच्या दगडी नळातनं शहरात पाणी आणलं, नुसत्या उतारावर, मधे हवा जायला उच्छ्वास. त्याच पाण्यावर शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं. आणि पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढा अडवून तळं केलं, मधे बेट, बेटावर बाग. पुढे सवाई माधवरावांनी तिथे गणपती बसवला. तीच सारसबाग. तळ्यातला गणपती म्हणतात ते उगाच नाही. ब्राउन तेव्हा चाळिशीतही नव्हता.

अवनी_लीड्स

आला, धागा पुण्यात पोचला. मी म्हटलंच कसा नाही अजून.

पेठकर

पुण्यात यायला धागा कशाला हवा, पाणी पण उताराने इथेच यायचं.

कोयनेकाठचा

पेठकर, फरक एवढाच की कात्रजचं पाणी हौदावर लोक भरून न्यायचे. इथलं पाणी एका माणसाच्या दिवाणखान्याच्या खिडकीसाठी.

पेठकर

हे मान्य.

गिरिजा_वहिनी

आईंच्या गुडघ्यांचा कुणीच विचार केला नाही, सगळे हेड आणि प्रेशर करत बसलेत. रानजाई, तुला मी सेझिनकोट सुचवते, मॉर्टन इन मार्शजवळ, तुमच्यापासून तासाभरावर. कंपनी सरकारातनं पैसा करून आलेल्या कॉकरेलनं बांधलेलं, भावानंच नकाशा केला, घराला चक्क मुघली घुमट. आणि बागेत वर सूर्याचं छोटं देऊळ, त्याच्यासमोर गोल कुंड, तिथनं ओहोळ खाली येतो तो एका पुलाखालनं, आणि पुलाच्या कठड्यावर ओळीनं नंदी बसलेत! खाली एका खुंटाला वेटोळं घालून तीन फण्यांचा नाग, त्याच्या तोंडातनं पाणी. टॉमस डॅनियल नावाचा चित्रकार भारतात वर्षानुवर्षं हिंडून देवळांची चित्रं काढून आला होता, त्याची कल्पना. उघडं असण्याचे दिवस मोजके, आधी बघून जा.

माझ्या सासूबाई त्या पुलावर पोचल्या आणि सवयीनं नंदीला हात लावून मग समोर पिंड शोधायला लागल्या.

मोघे_डर्बी

वहिनी, तिथून जवळच स्टॅनवे पण आहे. कबूल करायला जिवावर येतं पण आमच्या एम्पररपेक्षा त्यांचं कारंजं उंच आहे, ३०० फूट. तेही गुरुत्वावर. २००४ साली सुरू केलं. ठरावीक वेळेलाच सोडतात.

खडूस

चार फुटांनी हरलात.

हरिहर_ऑक्स

कारंजी, तळी सगळं ठीक पण माझं मत ऑक्सफर्डशरमधल्या राउशमला. विल्यम केंट या ब्राउनच्या आधीच्या बागा आखणाऱ्याची बाग, १७३८ ते ४१ च्या सुमाराची, फारशी बदललेलीच नाही. झाडीतनं दगडाची एक अरुंद पन्हळ नागमोडी जाते, वीतभर पाण्याची, मधे अष्टकोनी थंड पाण्याचं कुंड. बस. मी एवढे राजवाडे पाहिले पण त्या पन्हळीशेजारी चालताना जे वाटलं ते कुठे नाही वाटलं. दुकान नाही, चहा नाही, कुत्री आणि १५ वर्षांखालची मुलं चालत नाहीत. डबा घेऊन जा.

चिंगी

१५ वर्षांखालची मुलं चालत नाहीत?? पत्ता द्या, मी आजच निघते, दोन्ही इथेच सोडून.

नवखा

वाचतोय. एक बाळबोध शंका, या बागांमध्ये हा-हा नावाचं काहीतरी असतं ते पाण्याचंच का?

भूजल

नाही, तो बुडवलेला चर. एका बाजूला उभी भिंत, दुसरीकडे उतार. गुरं अलीकडे येत नाहीत पण खिडकीतनं कुंपण दिसत नाही. लपवायची तीच खोड.

रानजाई

दोन आठवड्यांनी परत आले, सगळ्यांचे आभार. पहिल्या शनिवारी सेझिनकोट झालं. आईनं नंदीला नमस्कार केला आणि वहिनींच्या सासूबाईंसारखंच विचारलं, पिंड कुठंय. म्हणजे आमच्या घरात एक धरण शोधतो, एक पिंड शोधतं.

काल स्टाउरहेड. ते कुणीच सुचवलं नव्हतं म्हणून मुद्दाम लिहितेय. हेन्री होर नावाच्या बँकवाल्यानं १७५० च्या दशकात स्टाउर नदीच्या उगमाजवळ पाणी अडवून केलेलं तळं, भोवती फिरायची वाट, प्रत्येक वळणावर एक देऊळ. गुहेत उतरलं की अंधारात झोपलेली अप्सरा, तिच्या खालनं झऱ्याचं पाणी वाहतंय, आणि पुढच्या खोलीत नदीचा देव. होर उन्हाळ्यात तिथे डुंबायचा म्हणे. आई तिथून निघेचना, गारवा होता.

बाबांनी गुहेकडे बघितलंच नाही. तिथल्या पँथिऑन नावाच्या देवळाच्या पुढे गेलो आणि ते थांबले. डावीकडे मोठं तळं, आणि उजवीकडे झाडांच्या फटीतनं खाली, बरंच खाली, दुसरं पाणी. ते वाटेवर पाय आपटून म्हणाले, "हे काय, आपण माथ्यावरच उभे आहोत." बाकी सगळे लोक त्याच वाटेवरून गप्पा मारत चालले होते. पुढचं त्यांनी स्वतः सांगितलंय, मी फक्त टाइप करतेय.

रानजाई (बाबांतर्फे)

श्री. भूजल यांस स.न.वि.वि. आपण लिहिलेली माहिती वाचून आनंद झाला. माथ्याची रुंदी मी पावलांनी मोजली, पुरेशी वाटली. खालचा उतार सौम्य आहे. सांडवा दगडाचा करून धबधब्याचे सोंग दिले आहे, ते चांगले साधले आहे. परंतु माथ्यावर व उतारावर मोठमोठी झाडे पाहून आश्चर्य वाटले. आमच्या काळी धरणावर बाभळीचे रोप जरी उगवलेले साहेबांना दिसले तरी शाखा अभियंत्यास मेमो मिळत असे, कारण मूळ कुजले की पाण्याला वाट मिळते. येथे अडीचशे वर्षे झाडे आहेत व धरणही आहे. याचा खुलासा करावा.

भूजल

काका, साष्टांग नमस्कार. खुलासा हाच की साहेबांना झाडं दिसली तर मेमो मिळतो, इथे साहेबांना धरण दिसलं तर मेमो मिळाला असता. आम्ही नवीन झाड उगवू देत नाही, जुनी तोडली तर मुळं कुजतात आणि वर वारसावाले अंगावर येतात. म्हणून दर वर्षी जाऊन बघायचं.

रानजाई

बाबा खूप वेळ हसत होते. पुढच्या गुरुवारी त्यांची फ्लाइट आहे, बुधवारी लंडनला मुक्काम. हाइड पार्कमधलं सर्पेंटाइन तळं राणी कॅरोलाइननं १७३० च्या सुमारास वेस्टबोर्न नदी अडवून केलंय असं त्यांनीच कुठेतरी वाचून ठेवलंय. आता विचारतायत, धरण कुठल्या टोकाला?

हरिहर_ऑक्स

पूर्वेच्या. डेल म्हणतात तो भाग, खाली छोटा धबधबा आहे. हाइड पार्क कॉर्नरला उतरा, पाच-दहा मिनिटं चाल. आईंसाठी काठावर बाक आहेत.